नोगाईची लेक

अहमदपूरच्या बसस्थानकावर किशनराव उतरले, ती ही तिसरी वेळ. नांदेडहून निघताना तिकीट लातूरचं काढलेलं होतं. लातूरहून निलंग्याची गाडी धरायची आणि दुपारपर्यंत लेकीच्या घरी पोचायचं, असं घरून ठरवून निघालेले. पण अहमदपूर जवळ आलं की त्यांचा धीर सुटायचा. गाडी इथे दहा मिनिटं थांबते. तेवढ्या वेळात ते खाली उतरायचे, रसवंतीशेजारच्या बाकावर बसायचे आणि गाडी निघाली तरी बसूनच राहायचे.

“आजोबा, लातूरचे ना तुम्ही?” कंडक्टरने दारातून हाक मारली.

किशनरावांनी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. कंडक्टरने दोनदा बेल ओढली आणि गाडी गेली. पाठोपाठ नांदेडकडे जाणारी लागली. तिच्यात मात्र ते लगबगीने चढले, खिडकीशी बसले आणि पिशवी मांडीवर घेतली. पिशवीत दोन वस्तू होत्या. एक, बायकोने, केवळाबाईंनी, लेकीसाठी दिलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. दुसरी, त्यांची चौदावी वही.

या वह्यांविषयी आधी सांगायला हवं. किशनराव विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं होते. सगळे त्यांना सर म्हणत, तरी ते कुणाला काही शिकवत नसत. पुस्तकं देत, घेत, आणि कुणी मोठ्याने बोललं तर त्या मुलाला गप्प राहा असं सांगायचं सोडून स्वतःच दुसऱ्या कपाटाकडे जात. त्या यंत्रांच्या आणि काँक्रीटच्या पुस्तकांत एकदा मध्य आशियाच्या इतिहासाचा एक जाडजूड ग्रंथ चुकून येऊन पडला. त्यात त्यांना नोगाई भेटला. चंगीझखानाच्या थोरल्या मुलाचा पणतू. लढाईत एक डोळा गेलेला. तो राजपुत्र होता, सेनापती होता, पण गादीवर कधी बसला नाही. गादीच्या बाजूला उभा राहून त्याने तीस वर्षं खान बसवले आणि उठवले. पुढे न येता एवढं सगळं करणारा माणूस किशनरावांसारख्या बुजऱ्या माणसाला भुरळ घालणारच. निवृत्तीनंतर ते त्याचं चरित्र मराठीत लिहायला बसले. सोळा वर्षं झाली, चौदा वह्या भरल्या. छापायचं मात्र नाव नाही. रोज सकाळी कालचं पान वाचावं, आपल्याला यातलं काही कळत नाही अशी खात्री व्हावी, आणि ते पान पुन्हा लिहावं, असं चाललेलं.

घरी पोचले तेव्हा केवळाबाई दारात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे न बघता आधी पिशवीकडे बघितलं.

“आलात?”

“बस बिघडली.”

“पहिल्या खेपेला बस बिघडली. दुसऱ्या खेपेला रस्त्यावर मोर्चा होता. आता पुन्हा बस. येश्टीवाल्यांना सांगा, आमच्या मालकासाठी एक चांगली गाडी ठेवा म्हणावं.” त्यांनी पिशवीतला डबा काढून झाकण उघडलं आणि लाडू बोटाने दाबून बघितला. “मऊ पडले. तीनदा अहमदपूर बघून आले बिचारे.”

किशनराव खाटेवर टेकले. मग उठले, वही कपाटात ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली.

“कशाचीच खात्री नाही गं,” ते म्हणाले. “फोनवर ती बरी बोलते.”

“बरी बोलती? आवं, मी तिला रोज इचारती, आज काय केलंस? आधी पोरगी समदं सांगायची. वांगं केलं, सासऱ्याला तिखट लागलं, तरी पुन्हा भाकरी मागून राहिले. दिवाळीपासून एकच. केलं काहीतरी. माझी लेक काय केलं ते सांगत न्हाई, म्हंजी कायतरी हाय.”

“कामाच्या गडबडीत असेल.”

“अन् संक्रांतीला आली तवा?” केवळाबाईंनी शेंगा बाजूला सारल्या. “जेवली, ताट घासलं, अन् ताट-पेला खिडकीत पालथा घालून ठेवला. रॅकमधी न्हाई. आपल्याच घरात, लेकीनं. मी उचलून आत ठेवला, तर दुसऱ्या येळंला बी तसंच. सवय झाल्याबिगर असं हात करत न्हाईत.”

हे किशनरावांनीही पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि मनातल्या मनात त्याची चार कारणं शोधून काढली होती. ओलं होतं म्हणून असेल. जागा नव्हती म्हणून असेल. उरलेली दोन आता आठवत नव्हती.

सिंधु त्यांची एकुलती लेक. सुदर्शनशी लग्न होऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. डॉक्टरांनी दोघांतही दोष नाही म्हणून सांगितलेलं. तिला भाऊ नसल्याने पंचमीला, दिवाळीला तिला आणायला मुराळी म्हणून पुतण्या जायचा. किशनराव वर्षातून एखाद्या वेळी निलंग्याला जात. व्याह्यांच्या पुढच्या खोलीत खुर्चीच्या काठावर दहा मिनिटं बसत आणि उठत. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीही पिऊ नये, ही त्यांच्या घराण्यातली रीत. ती त्यांनी नऊ वर्षं अशी पाळली की व्याही शेषेराव चारचौघांत कौतुकाने सांगत, आमचे पाव्हणे लई जुन्या वळणाचे. ऐकून किशनरावांना संकोच व्हायचा आणि आत कुठेतरी बरंही वाटायचं. आयुष्यात न डगमगता पाळलेली ती एकच गोष्ट होती.

“तू म्हणतेस तसं असेलही,” ते म्हणाले. “पण जाऊन बोलायचं काय? आणि बोलून काय होतं ते मला माहीत आहे. नोगाईने लेकीपायी व्याह्याशी उभा दावा मांडला. काय झालं? राज्य गेलं, स्वतःचं मुंडकं गेलं…”

“माहीत हाय. माहेरच्या माणसांपरीस त्याचंच घर मला जास्ती माहीत हाय.” केवळाबाई बोटांवर मोजू लागल्या. “एका डोळ्यानं आंधळा. तीन पोरं. थोरला जोगे, मधला तेके, धाकटा तोराई. बाप मेल्यावर मधला म्हणला, खानाशी समेट करू, तर थोरल्यानं त्याचाच जीव घेतला. अन् एक लेक. नवरा एका धर्माचा, ती दुसऱ्याची. सासरच्यांनी हिडीसफिडीस केली, तिनं बापाला कळवलं. हाव ना? पोरांची नावं तुमच्या तोंडी चोवीस तास. लेकीचं नाव काय होतं?”

“कियान.”

“तिचं पुढं काय झालं?”

किशनरावांनी कपाटातल्या वह्यांकडे बघितलं.

“बापाचं मुंडकं कोणी तोडलं, त्या शिपायाला खानानं काय शिक्षा दिली, समदं सांगितलंत. जिच्यापायी झालं, तिचं काय झालं?”

“बघावं लागेल.”

“बघा,” केवळाबाई म्हणाल्या आणि शेंगा पुन्हा पुढ्यात ओढल्या. “अन् एक ध्यानात ठेवा. तुमच्या नोगाईचं काय का होईना, तो गेला तरी.”

रात्रभर त्यांना धड झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला ते जलीलच्या दारात उभे होते. जलील नांदेडच्या जुन्या वस्तीत पुस्तकं बांधायचं काम करी. बापाच्या वेळेपासूनचं दुकान. आता लोक पुस्तकं बांधून घेत नाहीत, म्हणून तो कॉलेजच्या मुलांचे प्रकल्प आणि वकिलांच्या फायली शिवायचा. त्याच्याकडे एका फारसी तवारिखेचा, म्हणजे बखरीचा, जुना उर्दू अनुवाद होता, पानं पिवळी पडलेला. किशनरावांना उर्दू बोललेलं सगळं समजे, लिपी मात्र येत नसे. सोळा वर्षांत जलीलने ती तवारीख त्यांना तीनदा वाचून दाखवली होती.

“सकाळी सकाळी नोगाई?” जलीलने खळीचा ब्रश डब्यात ठेवला आणि हात पुसले. “आज कोणती लढाई?”

“लढाई नाही. लेक.”

जलीलने चष्मा चढवला. पान काढायला वेळ लागला नाही, खूण घातलेलीच होती. तो बोट ठेवून वाचत गेला आणि मराठीत सांगत गेला. सालजिदाई नावाच्या वजनदार सरदाराने आपल्या मुलासाठी नोगाईची लेक मागितली. लग्न झालं. ती मुसलमान झाली, नवरा त्याच्या जुन्या धर्मात राहिला. दोघांचं पटेना. सासरचे तिला कमी लेखू लागले. तिने आईबापाला आणि भावांना कळवलं. नोगाईने खानाला निरोप धाडला. तुला गादीवर बसवायला मी किती खपलो हे सगळ्यांना ठाऊक आहे. आज तुझ्या गादीवर सालजिदाई हुकूम चालवतो. त्याला त्याच्या मुलखात परत पाठव. खानाने ऐकलं नाही.

“अन् मग लढाई,” जलील म्हणाला.

“आणि ती?”

जलीलने पान उलटलं, मग आणखी पाच-सहा. पुढे शिवण सैल झालेली पानं होती, ती त्याने हलक्या हाताने वर केली. मग चष्मा काढला.

“कुछ नहीं. घोडे किती मेले ते हाय, किशनराव. पोरीचं न्हाई.”

“म्हणजे सोळा वर्षं मी…”

“तुम्ही विचारलंच न्हाई. मी बी वाचत गेलो. आपण दोघं बुढे लढाईचं पान आलं की खूश.” जलीलने पुस्तक मिटलं. “अन् खरं सांगू का? त्या बापाला तरी तिनं सांगितलं. तुमची बेटी सांगून बी न्हाई राहिली, अन् तुम्ही समजून बी न्हाई राहिले. माझी बीवी, कमरुन्निसा, काल घरी हेच म्हणत होती.”

“तुमच्या घरी कुणी सांगितलं?”

“तुमच्या घरून फोन आला होता. भाबीचा.” जलील हसला. “तुम्ही फोन उचलत न्हाई, म्हणून भाबी आता आमच्या मार्फत तुमच्याशी बोलतात.”

हे खोटं नव्हतं. फोन वाजला की किशनराव त्याच्याकडे बघत बसत. वाजायचा थांबला की मग विचारत, कुणाचा होता.

दुकानातून निघाले ते घरी गेलेच नाहीत, सरळ बसस्थानकावर गेले. घरी गेलो तर पिशवी भरू, वही ठेवू की घेऊ म्हणून घोळ घालू, आणि तेवढ्यात पाय मागे येतील, हे त्यांना नीट माहीत होतं. बरोबर काहीच नव्हतं. लाडू नाहीत, वही नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. अहमदपूर आलं तेव्हा त्यांनी समोरच्या आसनाची दांडी दोन्ही हातांनी धरून ठेवली. शेजारच्या बाईने विचारलं, “मळमळून राहिलं का बाबा?” ते म्हणाले, “हाव.” तिने त्यांना आल्याचा तुकडा दिला. तो त्यांनी चाकूर येईपर्यंत चघळला.

निलंग्याला पोचायला दीड वाजला. ऊन तापलेलं. शेषेरावांचं नवं दुमजली घर बाजार समितीच्या वाटेवर होतं. त्यांची आडत होती, आणि जेवायला म्हणून ते घरी आलेले होते.

“या, या, सर,” शेषेराव उठून उभे राहिले. “अचानक? फोन बिन न्हाई?”

विहीणबाई नीलाबाई आतून पदर सावरत आल्या. “बसा फॅनखाली. पाणी तर तुम्ही घेत न्हाईत.”

“आमचे पाव्हणे,” शेषेराव म्हणाले, “आले काय अन् गेले काय, घराला कळतच न्हाई.”

किशनराव खुर्चीच्या काठावर बसले. घशाला कोरड पडली होती, जीभ टाळ्याला चिकटलेली. गाडीत पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. आतल्या दारात सिंधु येऊन उभी राहिली. अंगाने उतरलेली दिसत होती, की उजेड मागून येत होता म्हणून तसं वाटलं, त्यांना ठरवता येईना. ती हसली.

“आप्पा, कसे आलात?”

“बसने,” ते म्हणाले. आणि मग जे बोलायचं म्हणून कधीच ठरवलं नव्हतं ते त्यांच्या तोंडून गेलं. “सिंधु, पाणी आण.”

नीलाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं.

“मी आणते की,” त्या म्हणाल्या.

“नको, इहीणबाई. लेकीच्या हातचं पाहिजे. पहिल्यांदाच पितोय.”

स्वयंपाकघर समोरच होतं. उंबऱ्याच्या आत पाण्याचा फिल्टर आणि वर ओळीने पालथे घातलेले पेले, खुर्चीतून सगळं दिसत होतं. सिंधु जागची चार पावलं चालली असती तरी पुरे होतं. ती उंबऱ्यापर्यंत गेली नाही. सासूकडे एकदा बघून वळली आणि मागच्या दाराने बाहेर गेली. चपला घातल्याचा आवाज आला, मग अंगणातून पावलं, मग पत्र्याचं दार उघडल्याचा आवाज.

“यंदा तुरीची आवक बरी हाय,” शेषेराव म्हणाले.

“हं,” किशनराव म्हणाले.

“तुमच्याकडं नांदेडला?”

“मला त्यातलं कळत नाही.”

पत्र्याचं दार पुन्हा वाजलं. सिंधु पेला घेऊन आली. स्टीलचा साधा पेला, त्याच्या काठाखाली नेलपॉलिशचा लाल ठिपका. किशनरावांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि एका दमात रिकामा केला. पाणी कोमट होतं, चवीला जड.

“हे हापशाचं आहे का गं?”

“हाव.”

“आतलं का नाही आणलंस?”

नीलाबाईच पुढे झाल्या. “काही न्हाई हो. आम्ही महाराजांकडं गेलो होतो. ते म्हणले, पाळणा हलेपर्यंत हिच्या हातचं अन्नपाणी घरात चालवू नका. इलाज हाय तो. आम्ही काय मारून राहिलो का झोडून राहिलो? मागं खोली दिली, गॅस दिला, खुणेची भांडी दिली. तिचं ती करून खाती.”

“कधीपासून?”

“दिवाळीच्या आधीपासून.”

इथे गाडीत पाठ केलेलं काहीतरी आठवायला हवं होतं. आठवला तो नोगाईचा निरोप, तोही अर्धाच. तुला गादीवर बसवायला मी किती खपलो. तो इथे काय कामाचा. तेव्हा शेषेरावच बोलले, आणि ते रागाने बोलले नाहीत, हिशेब समजावून सांगावा तसं बोलले.

“सर, वाईट वाटून घेऊ नका. पण तुम्ही बी तर तेच पाळलं की. नऊ वर्षं झाली, लेकराबाळाची होस्तोवर हिच्या घरचा थेंब घ्यायचा न्हाई. घेतला का कधी? ह्या घरात हिच्या हातचं पाणी पहिल्यानं कोणी नाकारलं? तुम्ही. तुमचा नेम तो नेम, अन् आमचा तो जाच?”

किशनरावांना पहिल्या वर्षीचा एक दिवस आठवला. नवी साडी नेसलेली सिंधु तांब्या-पेला घेऊन याच खोलीत आली होती, आणि त्यांनी हाताने नको म्हणून सांगितलं होतं. ती तांब्या घेऊन तशीच आत गेली होती. सगळ्यांनी मान डोलावली होती. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती बापाकडे बघत नव्हती, रिकाम्या पेल्याकडे बघत होती.

“बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. मग पेला पुढे केला. “सिंधु, अजून एक आण. थांब, मीच येतो तुझ्याबरोबर.”

“सर, मागं कशाला, तिथं…” शेषेराव उठले, पण तोवर किशनराव मागच्या दाराशी पोचले होते.

पेंडीची पोती ठेवायची पत्र्याची खोली होती ती. झाडून लख्ख केलेली. एका शेगडीचा गॅस, एक पातेलं, एक तवा, खाट. खिडकीत एक ताट पालथं घातलेलं. किशनराव जमिनीवर मांडी घालून बसले. गुडघे कडकडले. काय विचारावं ते कळेना, म्हणून त्यांनी केवळाबाईंचा प्रश्न विचारला.

“आज काय केलंस?”

“पिठलं.” सिंधु दाराशीच उभी होती. “आप्पा, तुम्ही जेवता का इथं?”

“वाढलंस तर.”

ताट एकच होतं. ते तिने बापाला दिलं आणि स्वतः पातेल्याच्या झाकणात घेतलं. पिठलं तिखट होतं, भाकरी थोडी करपलेली. ते भराभर जेवले, कुणी येऊन ताट काढून घेईल अशा घाईने.

“आई म्हणाली, तुम्ही तीनदा अहमदपूरहून माघारी गेलात.”

“हाव.”

“तिन्ही वेळा मी पुढच्या खोलीत खुर्ची दारातोंडी टाकून ठेवली होती. तुम्ही आलात की तिथूनच वाटेला लावायचं, असं ठरवलं होतं. तुम्हाला हे दिसायला नको होतं.”

“का?”

“तुम्हाला झोप लागली नसती.” ती थोडी हसली. “एवढ्या-तेवढ्याने लागत नाही.”

“सुदर्शन काय म्हणतो?”

सिंधुने झाकणातली भाकरी मोडली. “ते येतात इथं जेवायला कधी कधी. मागच्या गल्लीतून, सासूबाईंना कळू न देता. वाईट नाहीत ते. घाबरतात.” मग म्हणाली, “तुमच्यासारखेच आहेत, आप्पा.”

तिने पेला भरून पुढे सरकवला. तो रिकामा केल्यावर त्यांनी विचारलं, “येतेस का नांदेडला?”

“येऊन काय करू?”

“माहीत नाही.”

“कायमची का चार दिवस?”

“तेही माहीत नाही. तू सांगशील तसं.”

सिंधुने उठून ताट घासलं, झाकण घासलं, पेला घासला. ताट खिडकीत पालथं घातलं. पेला मात्र पुसून एका कापडी पिशवीत टाकला आणि खाटेखालून दोन साड्या काढल्या.

पुढच्या दारात शेषेराव वाट अडवून नाही, पण वाटेतच उभे होते. “सर, लेक न्यायची रीत असते. मुराळी धाडायचा, दिवस बघायचा. असं बापानं हाताला धरून भर दुपारी न्यायचं म्हणजे लोक काय समजतील? सुदर्शनला तरी येऊ द्या दुकानातून.”

“मी हाताला धरलेलं नाही,” किशनराव म्हणाले. खरंच, सिंधु त्यांच्या पुढे दोन पावलं होती. “ती चार दिवस येतेय. पुढचं ती ठरवेल. तुम्हाला बोलायचं असेल तर मला फोन करा.”

“तुम्ही उचलता कुठं फोन?”

“उचलीन.”

शेषेराव बाजूला झाले. नीलाबाई आतून म्हणाल्या, “पेला घेऊन चालली का ती?”

लातूरला गाडी बदलली. दोघांना शेजारी जागा मिळाली. किशनरावांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आपण केलं ते बरोबर की बापाच्या भरात तिचं उरलंसुरलं मोडून आलो, याचा काथ्याकूट चाललेला. दर थांब्याला त्यांना वाटे, आता ही उठेल, म्हणेल, आप्पा, मला परत सोडा. नोगाईनेही पहिली लढाई जिंकलीच होती. हरला तो दुसरी.

दिवस मावळायला आला तेव्हा अहमदपूर आलं. गाडी थांबली. सिंधु उठली.

“कुठे?”

“आलेच.”

ती उतरली. खिडकीतून त्यांनी तिला गर्दीतून जाताना पाहिलं. पलीकडच्या फलाटावर लातूरची गाडी लागलेली होती, आणि ती त्याच बाजूला वळली. मग एक ट्रॅव्हल्सची गाडी आडवी आली आणि ती दिसेनाशी झाली. किशनराव उठले, बसले, पुन्हा उठले. रसवंतीशेजारचा तो बाक रिकामा होता. कंडक्टर चढला, तिकिटांची पेटी खांद्याला लावली.

“एक माणूस यायचंय,” किशनराव म्हणाले. आवाज इतका बारीक आला की त्यांनी पुन्हा, मोठ्याने सांगितलं. “थांबा. एक माणूस यायचंय.” सगळ्या गाडीने वळून बघितलं.

सिंधु चढली ती हातात पाण्याने भरलेला लाल ठिपक्याचा पेला घेऊन. नळावर गर्दी होती, म्हणाली. निम्मं पाणी पायरीवर सांडलं. उरलेल्यातलं आधी ती स्वतः प्यायली, मग पेला त्यांना दिला.

गाडी गावाबाहेर पडली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “आई सांगत होती, तुम्ही कुण्या राजाच्या लेकीचं शोधून राहिलात. काय झालं तिचं?”

“सापडलं नाही. कुणी लिहूनच ठेवलं नाही.”

“बरंच झालं,” सिंधु म्हणाली. “लिहिलेलं असतं तर तेही वाचून तुम्ही घाबरला असता.”

किशनरावांना हसू आलं. आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजू लागला. त्यांनी तो काढून तळहातावर धरला. शेषेरावांचं नाव होतं. तीनदा, चारदा वाजला. सिंधुने बघितलं आणि हात पुढे केला.

“द्या इकडं. मी बोलते.”

त्यांनी फोन दिला नाही. हिरवी खूण दाबायला अंगठा दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला.

“बोला, शेषेराव,” ते म्हणाले. “किशनराव बोलतोय. हाव, माझ्या शेजारीच बसली आहे ती. सावकाश बोला, मी ऐकतोय.”